तपकिरीची डबी आणि न दिसणारी बिजागरी

आजचा भाग छोटा आहे आणि विषय जरा वेगळा: तपकिरीची डबी.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आजोबांची एक पितळी डबी होती. झाकण सैल झालेलं, तपकीर खिशात सांडायची. घर आवरताना मी ती भंगारात दिली. नंतर आईने विचारलं, "झाकणावर काय कोरलं होतं रे?" मला सांगता आलं नाही. मग या डब्यांबद्दल वाचत सुटलो आणि पोचलो थेट स्कॉटलंडला.

तिथे एअरशायरमध्ये मॉकलिन नावाचं गाव आहे. कवी रॉबर्ट बर्न्स याच गावाजवळ शेती करायचा. त्याची 'टॅम ओ' शँटर' ही कविता १७९१ साली छापून आली. टॅम बाजाराच्या दिवशी मित्राबरोबर पीत बसतो, रात्री वादळात घोडीवरून घरी निघतो आणि पडक्या चर्चमध्ये त्याला नाचणाऱ्या चेटकिणी दिसतात. त्या मागे लागतात, पण वाहतं पाणी त्यांना ओलांडता येत नाही. टॅम पुलावरून निसटतो, घोडीचं शेपूट मात्र जातं. एकोणिसाव्या शतकात हेच प्रसंग तिथल्या लाकडी डब्यांच्या झाकणावर आले.

पण इंजिनिअर म्हणून मला अडकवलं ते बिजागरीने. तपकीर म्हणजे अगदी बारीक पूड. जरा फट राहिली की सगळी बाहेर, आणि दमट हवा आत. यावर उपाय होता लाकडातच कोरलेल्या बिजागरीचा. अर्धे दात डबीचे, अर्धे झाकणाचे, एकमेकांत बसवलेले, मधून एक बारीक सळई. बाहेरून सळईचं टोकही दिसत नाही. ही युक्ती अलिथ गावच्या जेम्स सँडीची मानतात. तो अंथरुणाला खिळलेला होता आणि तिथूनच काम करायचा.

पुढे तपकिरीची फॅशन गेली. मॉकलिनच्या स्मिथ कारखान्याने चहाचे डबे, सुयांच्या डब्या, पर्यटकांसाठीच्या वस्तू केल्या आणि तग धरला. १९३३ मध्ये आग लागली आणि काम थांबलं.

म्हणजे बघा, लोक डबी घ्यायचे चित्रासाठी, पण ती खिशात टिकायची बिजागरीमुळे. मी आजोबांच्या डबीत फक्त सैल झाकण पाहिलं. ना चित्र पाहिलं, ना बिजागरी.

तुमच्या घरी अशी डबी असेल तर टाकण्याआधी फोटो काढा, आणि कुणाची होती ते मोठ्यांना विचारून लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!