आमचा पहिला नेम

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या 54 व्या वर्षी, आम्ही येथील हवाई पिस्तुलाच्या स्थानिक स्पर्धेत प्रथमच उतरलो. अंतर 10 मीटर. 75 मिनिटांत 60 छर्रे. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे. दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे! लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल, दृष्टी पिस्तुलाच्या माशीवर हवी, असे शिक्षक बजावीत. आम्ही मात्र जन्मभर लक्ष्याकडेच पाहत आलेलो. पहिला छर्रा कागदाबाहेर गेला.

शेजारी एक शाळकरी मुलगी शांतपणे नेम साधीत होती. याच वयात आमच्या कन्येने हा खेळ शिकावयास मागितला होता. बदली व परीक्षा यांची सबब सांगून आम्ही नकार दिला होता.

रात्री तिला दूरध्वनी केला. गुण तिने विचारलेच नाहीत. म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी पिस्तूल शिल्लक आहे ना तिथे?”