केसपेपरवरचं एक वाक्य

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

पुण्याच्या याच शनिवार पेठेत मी नर्स म्हणून बरीच वर्षं घरभेटी करत हिंडले. मेहुणपुऱ्यातल्या एका वाड्यात जिन्याखालच्या खोलीत एक बाई आणि तिचा तिशीतला मतिमंद मुलगा राहायचे. त्याचं बोलणं चार-पाच शब्दांचं. बाई चार घरची धुणीभांडी करायची. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला, तेव्हा कामं बुडवून तिनं त्याला दवाखान्यात नेलं. केसपेपरवर लिहिलं गेलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही’, आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. त्यात एका घरचं काम सुटलं. मी गेले तर मला म्हणाली, ‘‘सिस्टर, हा डावीकडं घास येऊच देत नाही.’’ दाढ किडून हिरडीत पू झाला होता. निदान तिनंच केलं होतं, पण तिला विचारलं कुणी नव्हतं. भांडी घासणाऱ्या बाईला काय कळतंय! तो संताप माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात मतिमंद मुलांना जेमतेम दीड पान होतं. वॉर्डात पेशंट खाटांवर मावत नसत, जमिनीवर गाद्या पडत. नर्स एकटी, तिच्यामागे रजिस्टरं, इंडेंट, राउंड. नर्सेस वाढवा म्हणून आम्ही अर्ज केले, काळ्या फिती लावल्या. तरी ज्याला बोलता येत नाही त्याच्याजवळ बसायला वेळ नाही तो नाहीच.

आणि मग फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं, पाळीत त्यांना स्वच्छता ठेवता येत नाही. पुण्यातल्या स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा सरकारनं ते थांबवलं. तोवर दहाहून अधिक जणींच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांना हवं होतं पाणी, कापड आणि रोज धीरानं शिकवणारी एक बाई. त्याच पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ साली ‘कामायनी’ ही मतिमंद मुलांची शाळा सुरू केली होती. ही मुलं शिकतात, हे तीस वर्षं तिथं दिसत होतं.

म्हणून एकच सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगते. आपली माणसं कमी पडली याची किंमत पेशंटच्या अंगावर वसूल करू नका. ‘सहकार्य करत नाही’ असं लिहिण्याआधी दात बघा, कान बघा, पोट साफ होतंय का बघा, आणि आईला विचारा. अशा मुलांसाठीच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला लाखापर्यंतचा उपचार बसतो, त्याचा अर्ज तिला भरून द्या. बुडालेली मजुरी मात्र कुठलाच विमा देत नाही. तिला उगाच दुसऱ्यांदा बोलावू नका.

प्राचार्यबाई, एक मागणी तुमच्याकडेही आहे. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक विद्यार्थ्याची महिनाभराची नेमणूक मतिमंद मुलांच्या एखाद्या शाळेत करा. परवानगीच्या पत्रावर सही करायला मी आजही तयार आहे.