दाढ काढण्याआधी एवढं बघा
(ग्रामसंघाच्या बैठकीत दातांच्या डॉक्टर ताईंनी केलेलं भाषण)



घरातली म्हातारी गालाला हात लावून बसली की आपण म्हणतो, दाढ दुखत असेल. लवंग धरायला देतो, कुणी मिश्री लावते, नाहीतर दाढच काढून आणतो. पण दुखणं दाताचं नसेल तर दात जातो, पैसे जातात आणि कळ तशीच राहते. म्हणून चार खुणा ध्यानात ठेवा.

पहिली, विजेच्या झटक्यासारखी कळ. तोंड धुताना, घास चावताना, वारं लागलं तरी एका बाजूला कळ येते. काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत थांबते आणि पुन्हा येते. हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. पन्नाशीनंतर जास्त दिसतं, त्यातही बायकांमध्ये. कळेच्या भीतीनं बाई जेवण सोडते. साध्या दुखण्याच्या गोळीनं हे सहसा थांबत नाही. त्याचं औषध वेगळं असतं. ते डॉक्टरांनीच सुरू करायचं, आपण मनानं बंद करायचं नाही.

दुसरी, चढ चढताना, हंडा नेताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो. हा हृदयाचा इशारा असू शकतो, छातीत दुखत नसलं तरी. लवकर तपासून घ्या. बसूनही थांबेना, घाम सुटला, दम लागला, तर लगेच 108 ला फोन करा.

तिसरी, नागीण. कपाळावर किंवा गालावर एकाच बाजूला आग होते, मग काही दिवसांनी फोड येतात. लेप आणि मंत्रात दिवस घालवू नका. फोड आल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू झालेल्या बऱ्या. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चौथी, कानशील ठणकतं, वेणी घालताना डोकं दुखतं, चावता चावता जबडा थकतो. हा आजार आपल्याकडे कमी दिसतो, पण उपचाराला उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. अंधुक दिसायला लागलं तर उद्यावर टाकू नका.

आणि मिश्रीचं सांगते. ती दातदुखीचं औषध नाही, तिच्यातल्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवाच.

थंड-गरम झोंबणं, हिरडी सुजणं हे दाताचंच असतं, त्यावर उपचार घ्या. पण दाढ काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, "नक्की कोणता दात? एक्स-रेमध्ये काय दिसतंय?" विचारायला लाजू नका.

आज घरी गेल्यावर सासूबाईंजवळ, आईजवळ बसा. कधी दुखतं, किती वेळ दुखतं, कशानं वाढतं, एवढं विचारा. डॉक्टरांचं निम्मं काम तिथंच होतं.