पुण्याला जाणार असाल तर

आत्ताच एकमेकांचे फिशपाँड पचवून बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

तृतीय वर्षातल्या काही जणांना पत्रकारिता शिकायला पुण्याला जायचंय, त्याबद्दल बोला, असं प्राचार्यांनी सुचवलं. नाचाच्या ड्रेसमध्ये विंगेत ताटकळणाऱ्यांनी काळजी करू नये, मी लवकर आटोपतो.

मी आपल्या जुन्नर तालुक्यातूनच गेलो. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. पदवी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे बीएस्सीवाला आणि मराठी वाङ्मयवाली एकाच बाकावर येतात. प्रवेश परीक्षेसाठी रोजचं वर्तमानपत्र वाचा. व्हॉट्सॲपवर आलेली कात्रणं नव्हे, अख्खं वर्तमानपत्र.

मागे बसलेल्या पालकांचा प्रश्न वेगळा आहे: नोकरी लागते का? लागते. पण सुरुवातीच्या पगारातून खोलीभाडं आणि मेस वजा केली, तर घरी पाठवायला फारसं काही उरत नाही. हे आजच बोलून घ्या. शिकताना ‘कमवा व शिका’ योजनेचा आधार होतो, तिथं काम करण्यात कमीपणा मानू नका.

मग एवढी यातायात कशासाठी? बातमी कशी लिहायची ते पुस्तकातही सापडेल. शहरात जायचं ते तिथली दारं उघडी असतात म्हणून. महापालिकेची मुख्य सभा प्रेक्षक सज्जातून पाहता येते. शिवाजीनगरच्या कोर्टात, खटला बंद दाराआड नसेल तर, कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसावं.

आम्हाला तसं पाठवायचे. एकदा जमिनीचा दावा चालू होता. दोन म्हातारे भाऊ, दोघांच्या डोक्यावर टोपी, दोघांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले उतारे. फेरफार, वहिवाट, सामाईक विहीर, बांध असं बरंच काही कानावर पडत होतं. शहरात वाढलेले, फाडफाड इंग्रजी बोलणारे माझे वर्गमित्र पेन थांबवून एकमेकांकडे बघायला लागले. आमच्यातली एक खेड्यातली मुलगी, पहिले सहा महिने वर्गात तोंड न उघडलेली, ती मात्र भराभर लिहीत होती. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर सगळे तिच्याभोवती. विहिरीतल्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ कोर्टात का जातात, हे तिनं असं उलगडून सांगितलं, की चहा गार झाला. कोर्टाचं कामकाज कसं टिपायचं ते तिला पुण्यानं शिकवलं. त्यातलं भांडण मात्र तिला घरूनच ठाऊक होतं. म्हणून सांगतो, पुण्याला गेल्यावर बोलणं सुधारायच्या नादात तालुका विसरू नका.

नानासाहेब परुळेकर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात शिकले. परत आले आणि १९३२ साली पुण्यात ‘सकाळ’ काढला. अग्रलेखांचा दबदबा असलेल्या त्या काळात त्यांनी भर दिला तो बातमीवर, गावोगावच्या बातमीदारांवर. एवढ्या लांब शिकून आलेल्या माणसाला गावची बातमी कमी प्रतीची वाटली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणि आपल्याकडे बातम्यांचा काय दुष्काळ आहे? जुलै २०२३ आठवा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं आणि कॅमेरे दाराशी आले. रातोरात करोडपती झालेला शेतकरी सगळ्यांनाच दाखवायचा होता. सप्टेंबरात भाव कोसळले, माल फेकायची वेळ आली, तेव्हा तेवढी गर्दी दिसली नाही. जुलैची बातमी खोटी नव्हती. अर्धी होती. उरलेली अर्धी लिहायला इथली नड कळणारा आणि शहरात आकडे तपासायला शिकलेला, असा एकच माणूस लागतो.

तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी प्रवेश अर्जाची वाट बघू नये. या आठवड्यात आळेफाट्याला कांद्याच्या लिलावाला जा. एकच शेतकरी धरा. बोली कितीची झाली, हिशोबपट्टीवर काय आलं, हमाली, तोलाई आणि गाडीभाडं जाऊन हातात किती पडले, ते विचारा. मग आडत्याकडे जा, त्यालाही तेच विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, दोघांच्या नावानिशी, त्यांना विचारून. दोनशे शब्द पुरेत. कॉलेजच्या भित्तिपत्रकावर लावा आणि मला फोटो पाठवा, माझा नंबर प्राचार्यांकडे आहे.