खात्यात आला तरच पैसा

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणून गेले, की आमचं तिघांचं घर महिन्याला साडेचार हजारांत चालतं. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, एवढ्यात भागतं कसं?" आता काय सांगू! मध्यंतरी नव्हतंच भागत. म्हणून आज आधी ते सांगते.

ज्यांनी पहिल्यांदा लावलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. थोरला मुलगा, धाकटी मुलगी. माहेरच्या घरामागं दादानं एक खोली दिलीय, भाडं नाही, लाइटबिलाचे तेवढे देते. तीन घरी पोळ्या-भाजी करते, प्रत्येक घरचे दीड हजार. रेशनचं धान्य आहे, माणशी पाच किलो, म्हणजे आमचं पंधरा किलो गहू-तांदूळ फुकट. लाडकी बहीणचे १५०० आहेत. आणि दोन्ही मुलांना बालसंगोपन योजना लागलीय, एका मुलाला महिना २२५०.

कागदावर बेरीज केली तर वाटतं, अरे, ही तर साडेदहा हजारांची बाई! मीही तसंच धरलं होतं. तिथंच माझं चुकलं.

झालं असं. २०२५ च्या पावसाळ्याआधी खोलीचे पत्रे बदलायचे होते. आधीच्या वर्षी पोरीच्या अंथरुणावर पाणी ठिबकत होतं, रात्रभर पातेलं सरकवत बसायचो. मग गटकर्ज घेतलं, तीस हजार. दर मंगळवारी ६५० रुपये, बावन्न आठवडे. माझा हिशोब सरळ होता: पोळ्यांच्या पैशात खाणंपिणं आणि सरकारी पैशातून हप्ता. महिन्याला अठ्ठावीसशेच्या आसपास हप्ता, आणि येणार सहा हजार. उरलेच की वर!

त्या कर्जासाठी नवीन बँकेत खातं उघडायला लावलं. आधार द्या, अंगठा द्या, इथं सही करा. दिला अंगठा.

पुढच्या महिन्यात लाडकी बहीणचे आले नाहीत. शेजारणीला आले, भावजयीला आले, मला नाही. म्हटलं उशीर असेल. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. बालसंगोपनचे तर तसेही दर महिन्याला येत नाहीत, आमच्याकडं चार-सहा महिन्यांचे एकदम पडतात. ते कधी पडतील हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे माझ्या हिशोबातले सहाच्या सहा हजार हवेत.

गटकर्ज कसं असतं माहितीय ना? एकीनं नाही भरलं तर बाकीच्यांनी भरायचं. वसुलीची बैठक आमच्या गल्लीतल्या काकूंच्या पडवीत असायची. तीन मंगळवार माझे हप्ते काकूंनी भरले. एकोणीसशे पन्नास रुपये. काकू स्वतः शेतात मजुरीला जातात. त्या काही बोलल्या नाहीत, पण चौथ्या मंगळवारी मी समोरून येताना दिसले आणि त्या आत निघून गेल्या. ते मला जास्त लागलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एक दिवस काम बुडवून जुन्या बँकेत गेले. तिथल्या एका मुलीनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, मध्ये कुठं नवीन खातं उघडलंत का?" आणि तेव्हा कळलं. सरकारी पैसा आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातोच असं नाही. आधार ज्या बँकेला शेवटचं जोडलंय तिथं तो जातो. नवीन खातं उघडताना माझं आधार तिकडं जोडलं गेलं होतं. मी मंगळवारी तोंड लपवत होते आणि तिकडं माझे पैसे पडून होते! पडूनही नाही, कमीत कमी शिल्लक नाही म्हणून त्यातले थोडे कापूनही गेले होते.

तर हे एक काम आजच करा. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर आधारच्या साइटवर ओटीपी टाकून आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते दिसतं. जमत नसेल तर मुलांना सांगा, त्यांना दोन मिनिटं लागतात. आणि सरकारी पैशाचं खातं शक्यतो जनधनचं किंवा साधं मूलभूत बचत खातं ठेवा. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, महिन्यातून चार वेळा पैसे काढायला काही पडत नाही. आपल्याला चारपेक्षा जास्त वेळा काढायला असतं तरी काय!

आता मूळ मुद्दा. त्या दिवसापासून मी माझ्या पैशाचे वेगळे भाग केले. किती येतात यावरून नाही, कधी येतात यावरून.

पोळ्यांचे पैसे एक ते पाच तारखेला हातात पडतात. चूल फक्त त्यावर. लाडकी बहीणचा हप्ता बहुतेक महिन्यांत येतो, पण तारीख नाही. म्हणून या महिन्यात आलेला मी पुढच्या महिन्याचा धरते. आला की खात्यात झोपवून ठेवते, पुढच्या महिन्यात उठवते. पुढचा उशिरा आला तरी माझ्याकडं एक हप्ता आधीचा असतोच. हा एक महिना पुढं सरकायला मला जवळपास पाच महिने लागले. दर महिन्याला तीनशे-तीनशे मागं टाकले. त्या पाच महिन्यांत चहा बिनदुधाचा होता, ते सांगितलं पाहिजे. कोणी म्हणेल सोपं आहे, तर नाहीये.

आणि बालसंगोपनचे. ते मी नाहीतच असं धरते. पण आले की काय, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून. कारण एकदा सहा महिन्यांचे, दोघांचे मिळून सत्तावीस हजार एकदम आले होते, आणि दहा दिवसांत अकरा उरले. चुलत बहिणीच्या लग्नाचा आहेर, एकाला उसने, पोराचा मोबाईल. उसने अजून आलेले नाहीत. गल्लीत पैसा आल्याचं आपल्याआधी दुसऱ्यांना कळतं, आणि एकट्या बाईला नाही म्हणणं जड जातं. आता मी सांगते, "तो मुलांचा पैसा आहे, पोस्टात टाकला." आणि खरंच टाकते. म्हणजे खोटंही बोलावं लागत नाही.

झाकणावर पहिलं काय लिहिलंय माहितीय? "नववी". याचा विचार बऱ्याच जणी करत नाहीत म्हणून सांगते. आठवीपर्यंत आपल्या शाळेत पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी शाळेत. नववीत दोन्ही बंद. पुस्तकं विकत, वह्या दुप्पट, आणि दुपारचा डबा घरचा. माझ्या थोरल्याच्या वेळी जूनमध्ये हे एकदम अंगावर आलं. त्यात त्याची शाळा तालुक्याला, एसटीचा पास. मुलींचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश भरावे लागतात. धाकटी आता सातवीत आहे, तिच्या नववीचे आत्तापासून बाजूला पडतायत.

खाण्याचं फार सांगत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. एवढंच, की रेशनच्या गव्हाच्या जोरावर मी ज्वारी थोडी घेते, डाळ मात्र कमी करत नाही. आधी डाळच पातळ करत होते. पोरगी सारखी आजारी पडायला लागली, आणि डाळीत वाचलेले औषधात गेले. बाजार आठवड्याला दोनशेचा, संध्याकाळी उठत्या बाजारात. तेल दोन किलो, ते संपलं की संपलं. गॅस दोन महिन्यांना एक, आंघोळीचं पाणी चुलीवर. सबसिडी नंतर जमा होते, पण सिलिंडर घेताना पूर्णच द्यावे लागतात, म्हणून ती मी हिशोबात धरतच नाही.

कागदांचं एक राहिलं. ई-केवायसीच्या वेळी आमच्यासारख्यांना पतीचा मृत्यू दाखला अंगणवाडीताईंकडं द्यायचा होता. माझा पिशवीत होता, दिला. पण आमच्या गल्लीत एक आहे, नवरा सोडून गेलाय, मेलेलाही नाही आणि घटस्फोटही नाही. तिच्याकडं दाखवायला कागदच नाही. तिचं घर माझ्यापेक्षा अवघड आहे, आणि माझी ही सगळी युक्ती तिला उपयोगाची नाही. कारण मागं टाकायला आधी एकदा तरी काही यायला लागतं. तिच्याबरोबर मी दोनदा तहसीलला जाऊन आले. काय होतंय ते सांगेन.

काकूंचे पैसे विचारताय ना? पैसे हातात आले त्याच दिवशी गेले, तीन हप्त्यांचे सगळे दिले. त्यांनी मोजले नाहीत, पदराला बांधले आणि म्हणाल्या, "बस, भाकरी खाऊन जा." खाऊन आले. नवीन गट करूया का म्हणून परवा त्याच विचारत होत्या. मी म्हटलं काकू, माझं हे पहिलं फिटू दे.

पुढच्या भागात सासरच्या रेशनकार्डावरून नाव कमी करून स्वतःचं वेगळं कार्ड काढताना मला काय काय करावं लागलं, ते सांगते. प्रश्न असतील तर आवाज पाठवा, लिहायला वेळ नसेल तर.