खेळातील सोबती



संगणकावरील खेळ मुलांना एकलकोंडे करतात, अशी आपली समजूत आहे. नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाच्या माता-पित्यांनाही हीच चिंता होती. स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक विकाराने चाकाच्या खुर्चीला खिळलेला मॅट्स वर्षानुवर्षे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत असे. २०१४ मध्ये, अवघ्या २५ वर्षांचा असताना, तो निवर्तला. वडिलांनी संगणकावरून निधनवार्ता कळविताच देशोदेशींच्या सवंगड्यांचे शोकसंदेश आले. काहीजण अंत्यविधीसही आले. एका मातेला तिच्या स्वमग्न मुलाशी खेळातून जवळीक साधण्याचा मार्ग त्याने दाखविला होता. पुत्राचा हा गोतावळा माता-पित्यांना तेव्हा उमगला.

नातवंडांना ‘किती वेळ खेळलास?’ एवढेच न विचारता ‘कोणाबरोबर खेळलास?’ हेही आपण वेळीच विचारावे, ही नम्र विनंती.