खलनिग्रहण : सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांचे जीवन व सेवा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ग्रामदैवताच्या देवळावर नवा कळस चढला. गावाच्या अनेक वर्षांच्या इच्छेला फळ आले. देवळाच्या दारात दोन्ही अंगांना द्वारपाल असतात. गाभाऱ्यातील देवाला नमस्कार करण्याच्या घाईत त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ऊन, वारा, पाऊस त्यांच्या अंगावर. हार-फुले, नैवेद्य आत. तरीही द्वारपालांवाचून देऊळ पुरे झाले असे आपले पाथरवट मानीत नाहीत. आजच्या मंगल प्रसंगी अशाच एका द्वारपालाची आठवण करावयाची आहे. तो आपल्याच सातारा जिल्ह्यातला, आपल्यासारख्याच एका लहान गावात जन्मलेला.

गावाचे रक्षण ही आपल्याकडे फार जुनी व्यवस्था आहे. पाटील, चौगुला, वेशीवरचा रामोशी ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. पुढे वतने गेली, महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ आला आणि नेमणुकीचा पोलीस पाटील गावोगाव काम पाहू लागला. त्याच्या वरती पोलीस ठाणे, ठाण्यात फौजदार, हवालदार व शिपाई. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून पाडेगावहून लोणंदला येते, तेव्हा लाखो वारकऱ्यांना वाट करून देणारा हाच शिपाई असतो. गर्दी आवरली नाही तर काय होते, हे शेजारच्या वाई तालुक्यात मांढरदेवच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी आपण पाहिले आहे. अडीचशेहून अधिक भाविक त्या चेंगराचेंगरीत प्राणास मुकले. आपल्याही भागातील कित्येक घरांत त्या दिवसाची जखम अजून ओली आहे. बंदोबस्त म्हणजे काय, हे आपल्या मुलखाला वेगळे सांगावयास नको.

तुकाराम गोपाळ ओंबळे हे जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. खंडाळ्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून, वाईवरून मेढ्याकडे गेले की जावळीचे खोरे लागते. उंच डोंगर, धो धो पाऊस, उतारावरची नाचणी आणि ओढ्याकाठची भातखाचरे. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक. म्हणून जावळीचा तरुण पिढ्यान् पिढ्या घर सोडीत आला. कोणी मुंबईच्या गोदीत व बाजारात माथाडी झाला, कोणी गिरणीत लागला, कोणी पलटणीत भरती झाला. सातारा जिल्ह्यात सैनिकी परंपरा इतकी खोल आहे की आपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी आपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. त्याच वाटेने ओंबळेही सैन्यात गेले.

सैन्यात ते सिग्नल कोअरमध्ये होते. या दलाचे काम संदेश पोहोचविण्याचे. लढाईत तोफ जेवढी महत्त्वाची, तेवढाच वेळेवर मिळालेला निरोप महत्त्वाचा. तेथे सेवा करून ते नाईक या हुद्द्यावर निवृत्त झाले. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस गावी येतो, थोडी शेती पाहतो, पारावर चार गोष्टी सांगतो, आणि त्याने तसे केले तर कोणी नावे ठेवीत नाही. ओंबळे यांनी दुसरी नोकरी धरली. १९९१ साली ते मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून दाखल झाले. पलटणीत नाईक झालेला माणूस पुन्हा तळाच्या पायरीवर उभा राहिला.

पोलीस दलातील खालच्या पायऱ्या त्या काळी चार होत्या : शिपाई, नाईक, हवालदार आणि सहायक फौजदार. प्रत्येक पायरी चढण्यास वर्षे लागतात. या वर्षांत काय घडते? गणपतीचा बंदोबस्त, मोर्चाचा बंदोबस्त, परीक्षा केंद्रावरचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, नाकाबंदी, कोर्टात आरोपी नेणे-आणणे, पंचनाम्याच्या वेळी उभे राहणे. सणाच्या दिवशी घरी पुरणपोळी झाली तरी हा रस्त्यावर. वर्तमानपत्रात यातले काही छापून येत नाही, कारण बंदोबस्त चोख झाला म्हणजे काहीच घडत नाही. ओंबळे यांनी अशी सतरा वर्षे काढली आणि सहायक फौजदार झाले. मुंबईच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात ते नेमणुकीस होते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण या देवळाच्या दगडांइतकीच या सतरा वर्षांना लागू पडते.

आता त्या रात्रीची हकीकत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा सशस्त्र अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. त्यांतील दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेले आणि गावी निघालेल्या प्रवाशांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. तेथे पन्नासहून अधिक माणसे मेली. तेथून ते दोघे कामा रुग्णालयाकडे वळले. रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी धारातीर्थी पडले. त्याच गाडीत जखमी होऊन पडलेले शिपाई अरुण जाधव यांनी संधी मिळताच बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला हकीकत कळविली. अतिरेक्यांनी पुढे एक स्कोडा मोटार पळविली आणि ती मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटीच्या दिशेने निघाली. ही वार्ताही बिनतारीवरून पुढच्या नाक्यांपर्यंत पोहोचली.

चौपाटीवर भडकमकर मार्ग ठाण्याच्या पथकाने नाकाबंदी केली होती. मध्यरात्र उलटून गेली होती. काही अधिकाऱ्यांजवळ पिस्तुले होती, बाकीच्यांजवळ लाठ्या. मोटार आली, अडथळे पाहून अलीकडेच थांबली आणि वळून पळण्याच्या प्रयत्नात दुभाजकाला धडकली. पोलिसांच्या गोळीबारात गाडी चालविणारा इस्माईल खान मारला गेला. दुसरा अजमल कसाब. त्याच्या हाती एके-४७ रायफल होती. ओंबळे त्याच्यावर धावून गेले आणि त्यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या शरीरात शिरल्या, परंतु हातांची पकड सुटली नाही. सहायक पोलीस निरीक्षक संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. तेवढ्या अवधीत इतर सहकारी पुढे धावले व कसाब जिवंत पकडला गेला. ओंबळे यांना वीरमरण आले.

सज्जनहो, येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. पारावर बसल्यावर आपण सहज म्हणतो की असल्या माणसाला तेथेच गोळी घालून संपवायचे होते, खटला कशाला, वकील कशाला, इतकी वर्षे तुरुंगात पोसायचा कशाला? राग समजण्यासारखा आहे. एकूण १६६ निरपराध माणसे त्या तीन दिवसांत मारली गेली. परंतु ओंबळे यांचे मोल कळावयाचे असेल, तर हा प्रश्न बाजूला सारून चालणार नाही.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदवाक्य आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. आपण ते ठाण्याच्या पाटीवर, गाडीवर, शिपायाच्या बिल्ल्यावर पाहतो. त्यातला शब्द ‘निग्रह’ असा आहे. निग्रह म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. ज्या शब्दाने आपण मनाचा निग्रह म्हणतो, तोच हा शब्द. दुर्जनाला आवरून कायद्यापुढे उभा करणे हे पोलिसाचे काम, शिक्षा देणे हे न्यायालयाचे. अटक कशी करावी, हे तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ च्या कलम ४६ मध्ये सांगितले होते. माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन होत नसेल, तर पोलिसाने त्याच्या शरीराला स्पर्श करून किंवा त्याला अडवून ताब्यात घ्यावयाचे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हाच नियम आहे. कायद्याच्या पुस्तकात ही एक कोरडी ओळ आहे. चौपाटीवर ती ओळ अमलात आणण्यासाठी एका सहायक फौजदाराला जळत्या नळीला हात घालावा लागला.

त्यातून पुढे काय झाले? त्या दहा जणांजवळ खोटी भारतीय ओळखपत्रे होती. दहाही जण मेले असते, तर ही माणसे कोण, कोठून आली, कोणी शिकविली, कोणी पाठविली, यावर वर्षानुवर्षे वाद चालला असता. अफवा उठल्या असत्या आणि संशयाचे बोट न जाणो आपल्यातल्याच कोणाकडे वळले असते. गावात एखादी चोरी झाली आणि चोर सापडला नाही, तर अवघी आळी एकमेकांकडे कशी पाहू लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे तर सारा देश तसा झाला असता. जिवंत हाती लागलेल्या एका माणसाने तो वाद मिटविला. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तानलाही कसाब आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले.

मग खटला चालला. विशेष न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यापुढे, उघडपणे. सरकारतर्फे उज्ज्वल निकम होते. आरोपीलाही वकील देण्यात आला. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि त्याच निकालात पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे न्यायालयाने पुरावा तोलूनच निकाल दिला. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा सुनावली गेली. २१ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. चार वर्षे लागली हे खरे. परंतु या चार वर्षांत जगाला दिसले की या देशात इतक्या मोठ्या अपराधालाही न्यायासनासमोर उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर ऐकूनच शिक्षा होते. हा सारा डोलारा ज्या पायावर उभा राहिला, तो पाया चौपाटीवर एका मराठी सहायक फौजदाराने आपल्या देहाने घातला.

राष्ट्राने त्यांचा योग्य गौरव केला. २६ जानेवारी २००९ रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. शांततेच्या काळातील शौर्याचा हा सर्वोच्च सन्मान. त्याच दिवशी करकरे, कामटे व साळसकर यांनाही तो मिळाला. हुद्द्याच्या शिडीवर या चौघांत किती अंतर होते ते पाहा : कोणी दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख, कोणी अपर पोलीस आयुक्त, कोणी निरीक्षक आणि कोणी सहायक फौजदार. पदक मात्र एकच, त्यात लहान-मोठे नाही. गिरगाव चौपाटीवर ओंबळे यांचा पुतळा उभा आहे. २०२१ साली ठाणे-कल्याण भागात संशोधकांना कोळ्याची एक नवी जात सापडली, तिला त्यांनी ‘इसियस तुकारामी’ असे नाव दिले. २०२५ साली राज्य शासनाने केडंबे येथे त्यांच्या स्मारकासाठी सुमारे साडेतेरा कोटी रुपये मंजूर केले. जावळीच्या डोंगरातील एका लहान गावाचे नाव असे जगाच्या नोंदीत गेले.

परंतु मंडळी, पुतळ्याला हार घालणे सोपे असते. ओंबळे त्या रात्री एकाएकी शूर झाले नाहीत. त्याआधी सैन्यातील सेवा आणि पोलिसातील सतरा वर्षे होती. नाक्यावर उभे राहण्याची, निरोप आला की सावध होण्याची, ‘माझी पाळी संपत आली’ असे न म्हणण्याची सवय होती. ती सवय लावून घेणारी शेकडो माणसे आजही आपल्या जिल्ह्याच्या ठाण्यांतून काम करीत आहेत. त्यांत चुकणारेही असतात. पोलिसाने कायदा मोडला, तर त्यालाही जाब विचारलाच पाहिजे, आणि तसा जाब विचारणे ओंबळे यांच्या स्मृतीला धरूनच आहे. पण जो उन्हात उभा राहून आपले काम नीट करतो, त्याला आपण काय देतो? वाहन अडविले की गावच्या पुढाऱ्याचे नाव सांगतो. यात्रेत रांग मोडू दिली नाही की हुज्जत घालतो.

या नव्या देवळाची पहिली यात्रा आता येईल. त्या दिवशी बंदोबस्तासाठी शिपाई, होमगार्ड येतील. यात्रा कमिटीने त्यांच्या बसण्याची, पाण्याची व जेवणाची सोय आधी पाहावी. कोणी तरी थोडा वेळ त्यांच्या जागी उभे राहावे आणि त्यांना म्हणावे, “साहेब, तुम्हीही दर्शन घेऊन या.” वर्षानुवर्षे देवळाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाला हे चार शब्द फार मोठे वाटतील. गावातील जी मुले-मुली पहाटे उठून भरतीसाठी रस्त्याने धावतात, त्यांनी ब्रीदवाक्यातला ‘निग्रह’ हा शब्द ध्यानात ठेवूनच वर्दी अंगावर चढवावी.

कळसाकडे सर्वांचे डोळे जातात, आणि ते जावेतच. परंतु देवळातून बाहेर पडताना दाराशी उभ्या असलेल्या द्वारपालाकडेही एकदा पाहावे. तुकाराम ओंबळे यांच्या पवित्र स्मृतीस समस्त ग्रामस्थांच्या वतीने विनम्र अभिवादन.

जय हिंद! जय महाराष्ट्र!